पुस्तकलाबाईंचा आश्विनातला तलाव

मी सध्या एका मोठ्या शहरात बांधकामांच्या प्रस्तावांची छाननी करतो. कोणी बावीस मजली इमारत बांधायची म्हटली की तिच्या फायलीत नाला किती लांब, तलाव किती लांब, किती झाडं तोडणार आणि किती लावणार, गच्चीवरचं पावसाचं पाणी कुठल्या खड्ड्यात मुरवणार, हे सगळं लिहिलेलं असतं. ते खरं आहे की नुसतंच लिहिलेलं आहे, हे पाहण्याचा मला पगार मिळतो. फायली फार देखण्या असतात. झाडं सगळी गोल आणि हिरवीगार. नाला असलाच तर तो प्लॉटच्या हद्दीपाशी येऊन शहाण्या मुलासारखा वळतो. अशा फायलीत 'जलस्रोतापासूनचे अंतर' हा रकाना आला की मी समोरच्या आर्किटेक्टला विचारतो, "कोणत्या महिन्यात मोजलं?"

ऑफिसातली पोरं एकमेकांकडे बघतात. साहेबांचा हा ठरलेला प्रश्न आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. माझ्यामागे नक्कलही होते म्हणे. काही जण तर फायलीवर आधीच महिना लिहून आणतात. त्यांना वाटतं, कुठल्या तरी परिपत्रकात हा नियम असणार. तो कुठल्याही परिपत्रकात नाही. तो प्रश्न भंडारा जिल्ह्यातल्या एका मासे विकणाऱ्या बाईंचा आहे. त्यांचं नाव पुस्तकलाबाई.

हे नाव ऐकून इकडचे लोक हसतात. आमच्या झाडीपट्टीत पुस्तकला, शशिकला, चंद्रकला अशा बहिणी घरोघर सापडतात, त्यात कोणाला काही गंमत वाटत नाही. पुस्तकलाबाईंची शाळा तिसरीत सुटली होती. "बापानं पुस्तकला नाव ठेवलं अन् बापानंच शाळेतून काढलं," असं त्या सांगायच्या. त्यात तक्रार नसायची, ओळख करून देण्याची ती त्यांची पद्धत होती.

मी आंधळगावचा. वडिलांचं किराण्याचं दुकान. डिप्लोमा करून एका खाजगी कंपनीत लागलो, आणि त्या कंपनीला आमच्याच जिल्ह्यातल्या एका वाढत्या शहराच्या विकास आराखड्यासाठी मोजणी करून नकाशे देण्याचं काम मिळालं. शहराचं नाव लिहीत नाही. तिथे अजून माझे नातेवाईक राहतात आणि त्यातल्या दोघांचे प्लॉट आहेत.

विकास आराखडा म्हणजे पुढच्या वीस वर्षांत कुठे घरं होणार, कुठे शेती राहणार, कुठून रस्ता जाणार, याचा रंगीत नकाशा. पिवळा रंग घरांचा, हिरवा शेतीचा, निळा पाण्याचा. ज्याचं वावर पिवळ्यात आलं त्याचं नशीब उघडलं. प्रारूप नकाशा भाद्रपदात एका सभागृहाच्या भिंतीवर लागला आणि लोकांना हरकती घ्यायला महिन्याची मुदत मिळाली. मी कंपनीतर्फे तिथे टेबल टाकून बसलेला, रंग समजावून सांगायला. दिवसभर झुंबड. एका गृहस्थांनी आपलं वावर पिवळ्यात पाहून नकाशालाच हात जोडले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी पुस्तकलाबाई आल्या. डोक्यावरचं टोपलं त्यांनी दाराबाहेर उतरवून ठेवलं, पण मासळीचा वास त्यांच्या आधीच आत आला होता. शिपायाने लगबगीने उदबत्ती लावली. काळ्या, काटक, कपाळावर गोंदण, लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं. वय पंचावन्न म्हणावं की पासष्ट, कळत नव्हतं. भिंतीवरच्या नकाशाकडे त्यांनी एकदा खालून वरपर्यंत पाहिलं.

"आमचा टेंभी तलाव कोठी हाये जी?"

मी बोट ठेवून दाखवला. त्यांनी त्या निळ्या डागावर आपला पंजा ठेवला. पंजाखाली तलाव अख्खा झाकला गेला. मग पंजा उचलून, मान कलती करून, तापातून उठलेल्या माणसाकडे बघावं तसं त्या डागाकडे बघत राहिल्या.

"हा तर वैशाखातला हाये, बाबू."

"काय म्हणता?"

"हे पोट खपाटीले गेलं हाये ना, ते वैशाखातच जाते. कोन्या मयन्यात मोजला?"

मे महिन्यात मोजला होता, आणि मीच मोजला होता. उन्हाळ्यात जमीन कोरडी असते, चालायला सोपं जातं, मोजणीची सगळीच कामं आम्ही उन्हाळ्यात उरकायचो. मला राग आला. माझ्या यंत्राची किंमत या बाईला काय कळणार, असं मनात आलं. मी म्हटलं, "तलाव तो तलाव, मावशी. महिन्यानं काय फरक पडतो?"

खुर्ची बाजूला सरकवून त्या जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हा कागद खाली मांडून दाखव. भितीवर उभा केलेला तलाव मले समजत नाई."

मी दुसरी प्रत काढून फरशीवर पसरली. का पसरली कोण जाणे. पुढे दोन वर्षं मी त्यांच्यासाठी जे जे केलं त्यातलं निम्मंअधिक असंच, का करतोय हे न कळता केलं.

नकाशा जमिनीवर आला आणि बाईंना सगळं दिसायला लागलं. कुठे पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कुठे त्यांची ढिवरटोली, म्हणजे मासेमारांची वस्ती, कुठे आंब्याचं झाड, हे त्या माझ्याआधी सांगू लागल्या. मग त्यांचं बोट तलावाच्या वरच्या अंगाला एका मोठ्या पिवळ्या पट्ट्यावर थांबलं.

"हे हळदीवानी काय हाये?"

"तिथे घरं होतील. लेआऊट."

"येव्यात?"

येवा म्हणजे जिथून पावसाचं पाणी तलावात उतरतं तो पसरट, उथळ भाग. उन्हाळ्यात तो भेगाळलेल्या मैदानासारखा दिसतो. मी तो नकाशावर 'झुडपी, पडीत' असा लिहिला होता, आणि पडीत म्हणून वरच्यांनी तो पिवळा रंगवला होता. बाई म्हणाल्या, "तेथं आमच्या चिंध्या नाई दिसल्या तुले?"

दिसल्या होत्या. पाण्यापासून लांबवर, बेशरमीच्या झुडपांना लुगड्यांच्या चिंध्या बांधलेल्या होत्या, एका ओळीत, दूरपर्यंत. माझ्याबरोबरचा काठी धरणारा माणूस म्हणाला होता, "देवाचं काई असन सायेब, हात नोका लावू." आम्ही हात लावला नाही. मी लिहिलंही नाही.

ते देवाचं नव्हतं. आश्विनात तलाव काठोकाठ भरला की टोलीतलं एकेक घर पाण्याच्या कडेच्या झुडपाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधतं. पुढच्या वर्षी पाऊस लागला की मासोळ्या अंडी घालायला येव्यात चढतात. पाणी पुन्हा त्या चिंध्यांना टेकेपर्यंत येव्यात कोणी जाळं टाकायचं नाही. टाकलं तर त्या घराला त्या वर्षी डोंगा, म्हणजे अरुंद होडी, मिळत नाही. तलावाची पूर्ण भरलेली रेषा दरवर्षी कापडाने आखून ठेवणारी ती माणसं, आणि मी महागडं यंत्र घेऊन त्या रेषेला वळसा घालून गेलो होतो.

"कोन्या मयन्यात?" हा प्रश्न बाई कशालाही लावत. कोणी नव्या रस्त्याचं कौतुक केलं की, "कोन्या मयन्यात पाह्यला? श्रावणात जाऊन पाहा मंग." कोणी एखाद्या पुढाऱ्याला देवमाणूस म्हटलं की तेच. त्याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. मी मुलगी पाहून आलो आणि उत्साहाच्या भरात बाईंना सांगून बसलो.

"कोन्या मयन्यात पाह्यली?"

"आत्ताच, कार्तिकात."

"कार्तिकात सारेच गोड बोलतेत, बाबू. धान घरात येऊन राहते. जेठात जाऊन पाहा, पानी भरायच्या वक्ती."

जेठ येईपर्यंत थांबायची माझी हिंमत नव्हती. पण ही गोष्ट मी बायकोला सांगितली आहे, आणि दर उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं की ती मला विचारते, "काय, पाहून घेतलं का जेठात?"

टोलीच्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष बाईच होत्या. संस्थेने हरकत लिहून आणली. दोन पानं, खाली अंगठे आणि सह्या. मी वाचली आणि कपाळाला हात लावला. "भुताड्याच्या धारेपासून चिचघाटापावतर, अन् तेथून म्हशीच्या डुबनाले वळसा घालून मरळीच्या खोल्यापावतर तलाव आमचा हाये." सगळी नावं पाण्यातली. कोणत्या जागी खोली आहे, कुठे धार लागते, कुठे म्हशी बुडून बसतात. त्या लोकांनी आयुष्यभर तलाव आतून, पाण्यावर उभं राहून पाहिला होता. जमिनीच्या बाजूने तिथला गट नंबर काय हे कोणालाच माहीत नव्हतं. हरकती स्वीकारणारा कारकून म्हणाला, "ही जागा कुठली, कोणाची, काहीच कळत नाही. गट क्रमांक टाका, नाहीतर ही हरकत निकाली निघेल."

बाई माझ्याकडे आल्या. "आमाले जमिनीचे नंबर नाई मालूम. तुले पान्यातले नावं नाई मालूम. दोघं मिळून होईन काय?"

मुदत संपायला पाच दिवस होते आणि आश्विन लागला होता. मी रविवारी जीपीएसचं यंत्र पिशवीत घालून ढिवरटोलीत गेलो.

एवढं भरलेलं पाणी मी त्याआधी कधी जवळून पाहिलं नव्हतं. बाई मागे उभ्या राहून बांबूने डोंगा रेटत होत्या आणि मी पुढे दोन्ही कडा घट्ट धरून बसलो होतो. "कडा सोड, लिहिशीन कायनं?" त्या म्हणाल्या. एका चिंधीपाशी डोंगा थांबवायचा, मी यंत्रावरचा आकडा लिहून घ्यायचा, त्या तिथलं पाण्यातलं नाव सांगायच्या, मी तेही लिहायचो. कुठली चिंधी कोणाच्या घरची तेही सांगायच्या. एका जुनाट जांभळ्या चिंधीकडे बोट करून म्हणाल्या, "हे माया सासूचं लुगडं. मरून बारा वर्सं झाले, अजून विटलं नाई."

येव्यात शिरलो. पाणी जेमतेम गुडघाभर. बाईंचा बांबू खाली टेकला आणि 'टक्' असा आवाज आला. थोडं पुढे गेलो, पुन्हा टक्. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आत हात घालून चाचपलं. घडीव, चौकोनी दगड. उन्हाळ्यात कोणीतरी तिथे लेआऊटचे प्लॉट पाडून हद्दीचे दगडही रोवून ठेवले होते. आराखडा मंजूर व्हायची वाट न पाहता. आमचा डोंगा बराच वेळ त्या बुडालेल्या प्लॉटांवरून चालला होता आणि ठरावीक अंतराने खालून टक् टक् आवाज येत होता. बाई बांबू रेटत राहिल्या. मला मात्र तो प्रत्येक आवाज मी केल्यासारखा वाटत होता.

शेवटची चिंधी पुस्तकलाबाईंच्याच घरामागे होती. पाणी त्यांच्या परसातल्या भोपळ्याच्या वेलापर्यंत आलेलं. मी यंत्र बंद केलं, पण डोंग्यातून उतरलो नाही. एक गोष्ट त्यांना सांगायलाच हवी होती, आणि ती मी सकाळपासून टाळत होतो.

नियम असा आहे की तलावाच्या पूर्ण भरलेल्या रेषेपासून ठरावीक अंतरापर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. वैशाखातली रेषा धरली तर टोली त्या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर होती. आश्विनातली धरली तर अख्खी टोली आत येत होती. आणि त्याच वर्षी टोलीतल्या लोकांची नावं घरकुलाच्या यादीत लागली होती. पुस्तकलाबाईंचं नाव वरच्या चारपाचांत होतं. पक्कं घर म्हणजे काय, हे त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं: भिंती कशाही चालतील, पण न्हाणीला दार पाहिजे, आतून कडी लागेल असं. जन्मभर लुगडं आडवं बांधून त्यामागे अंग धुतलेलं.

मी सगळं सांगितलं. रेषा खरी दाखवली तर घरकुल जाईल, तुमचंही आणि टोलीचंही. दुसरीकडे जागा मागता येईल, मी अर्ज करून देईन, पण मिळेलच असं नाही.

बाईंनी बांबू आडवा ठेवला. "अन् नाई दाखवली त?"

"तर येव्यात लेआऊट होईल. तलावात पाणी कमी उतरेल. दहा-पंधरा वर्षांत उरेल तो वैशाखातलाच तलाव."

त्या परसातल्या भोपळ्याकडे पाहत बसल्या. मी म्हटलं, "आजच ठरवायला पाहिजे असं नाही, मावशी."

"कागदावर लिहिलं ना तू?"

"लिहिलं."

"मंग खोडू नोको." एवढं बोलून त्या पाण्यात उतरल्या आणि डोंगा ओढून काठाला लावला. टोलीच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांना काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. तीन तास बैठक चालली आणि सह्या झाल्या, एवढंच कळलं.

या सगळ्या दिवसांत बाई मला मासे आणून द्यायच्या. पळसाच्या पानात बांधलेली मरळ माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात निमूट ठेवून जायच्या. आमचं घर पक्कं शाकाहारी. मला त्यांचं मन मोडवत नव्हतं, म्हणून मी ती पुडी घरमालकिणीला देऊन टाकायचो आणि दुसऱ्या दिवशी बाईंना "फार चांगली होती" असं तोंड भरून सांगायचो. एकदा त्यांनी विचारलं, "काटे लय होते ना?" मी म्हटलं, "हो, पण काढले." बाई टोपलं खाली ठेवून हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मरळीला काटे फार नसतात. "तू खात नाईस हे मले पयल्या दिवशीच समजलं होतं. घरमालकीन खुश रायली त तुले पानी टायमावर भेटते, म्हनून देतो." खरंच, त्या वर्षी आमच्या मजल्यावर फक्त माझ्याच बादल्या भरलेल्या असायच्या.

सुनावणी पौषात झाली. बाहेरून आलेले अधिकारी वयस्कर होते, ऐकून घेणारे होते. लेआऊटवाल्यांचा वकील आधी बोलला. तो म्हणाला, जागेवर गेल्या उन्हाळ्यात पाण्याचा थेंब नव्हता आणि कंपनीच्या मोजणीतच तसं लिहिलंय. 'कंपनीच्या' म्हणताना त्याने माझ्याकडे हात केला. मग बाईंची पाळी आली. मी केलेला दुसरा नकाशा, त्यावरची ती चिंध्यांची रेषा, शेजारी गट नंबर आणि पाण्यातली नावं, हे सगळं टेबलावर होतं. बाईंनी तो उचलून जमिनीवर मांडला. अधिकारी खुर्चीतून उठून शेजारी उकिडवे बसले. मी जन्मात तशी सुनावणी पुन्हा पाहिली नाही.

"तुमचं घर कुठे आहे यात?" त्यांनी विचारलं.

बाईंनी रेषेला खेटून बोट ठेवलं.

"ही रेषा मान्य झाली तर इथे तुम्हाला पक्कं बांधता येणार नाही. कोणी सांगितलं का तुम्हाला?"

"यानंच सांगतलं," माझ्याकडे मान वळवून त्या म्हणाल्या.

"मग तुम्हीच कशी हरकत घेता?"

"घर उचलून नेता येते जी. पुरानं आमी दोन डाव नेलं. तलाव नेता येत नाई." आणि जरा थांबून, हळू आवाजात, "पर आमाले जागा द्याल ना सायेब? न्हाणीपुरती त द्या."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मी पाहिलं, त्यांनी खरंच लिहून घेतलं.

वर्षभराने मंजूर आराखडा आला. येवा निळा झाला होता. पिवळा पट्टा पार वर सरकला होता. मी ऑफिसात एकटाच नाचलो असतो, पण त्याच पाकिटात दुसरा कागद होता. ढिवरटोलीचे घरकुलाचे प्रस्ताव 'जलस्रोतापासून विहित अंतर नसल्याने' परत आले होते. पर्यायी जागेबद्दल एक ओळ होती: 'यथावकाश विचार करण्यात यावा.'

टोली बाईंवर उलटली. दोष द्यायचा तर कोणाला देणार? मी परका होतो, अधिकारी गेले होते, नियम पुस्तकात होता. बाई तिथेच, मासळीच्या टोपल्यासह रोज समोर. संस्थेच्या पुढच्या निवडणुकीत त्यांना कोणी मत दिलं नाही. शेजारणी बाजाराला त्यांच्या आधी निघून जाऊ लागल्या. त्या मला सांगत नव्हत्या, पण त्या बाजाराला एकट्याच येत होत्या आणि पूर्वी कधी त्या एकट्या यायच्या नाहीत.

पर्यायी जागेचा अर्ज मी लिहिला होता. एकदा दिला, परत आला. दुरुस्त करून दुसऱ्यांदा द्यायचा होता. त्याच महिन्यात मला या मोठ्या शहरातल्या नोकरीचं पत्र आलं. मी बाईंना म्हटलं, "तिकडून पाठपुरावा करतो, मावशी." त्या म्हणाल्या, "करजो." मी दोन फोन केले. तिसरा केला नाही. या वाक्यापुढे मला स्वतःच्या बाजूने लिहिण्यासारखं काहीच नाही.

पुस्तकलाबाई गेल्याचं मला गेल्या माघात कळलं. त्याआधी तीन-चार महिने, आश्विनात, मी त्यांना भेटलो होतो. त्या तेव्हा टोलीत नव्हत्या. घराची परसाकडची भिंत एका पावसात बसली, ती पक्की बांधायची परवानगी नव्हती, आणि मातीची पुन्हा उभी करायचं अंगात बळ उरलं नव्हतं. भाऊ येऊन त्यांना करडीला, माहेरी घेऊन गेला. मी आंधळगावला घरी गेलो होतो, तिथून मुद्दाम करडीला गेलो.

चारही बाजूंना धान उभं होतं, लोंब्या भरत आलेल्या. भावाच्या अंगणात त्या बाजेवर बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, हात मात्र तसेच. माझा आवाज ऐकून लगेच ओळखलं. भावजयीला चहा ठेवायला सांगितला आणि मला घर दाखवायला उठल्या. पक्कं घर होतं. न्हाणीपाशी नेऊन त्यांनी दार उघडून दाखवलं, लावून दाखवलं, कडी घालून दाखवली.

"दरवाजा हाये, कडी हाये," त्या म्हणाल्या. "रोज आंग धुतो अन् रोज तलावाची याद येते."

मला माफी मागायची होती. अर्जाबद्दल, न केलेल्या तिसऱ्या फोनबद्दल. मी सुरुवातही केली. त्यांनी हाताने थांबवलं, "ते जाऊ दे. तू टेंभीवरून आला ना? भरला काय या वर्सी?"

बस तलावाच्या अंगानेच आली होती. मी खिडकीशी बसलो होतो आणि मोबाईल पाहत होतो. तलाव केव्हा आला, केव्हा गेला, मला माहीत नव्हतं.

"भरला, मावशी," मी म्हटलं. "काठोकाठ. बसमधून पाहिला ना मी."

"व्हय?" त्यांचा सगळा चेहरा उजळला. "येव्यातून वर चढलं पानी?"

"चढलं."

चहा झाला. मला सोडायला सडकेपर्यंत आल्या, भावाच्या नातीचा हात धरून. बस आली, मी चढलो, खिडकीत बसलो. त्या कपाळावर हात आडवा धरून बसच्या दिशेने बघत उभ्या होत्या, मी नेमका कुठल्या खिडकीत आहे हे न दिसता. बस सुटली तशा त्या चार पावलं मागून आल्या आणि ओरडल्या,

"बाबू! पाळीवर चढून पाह्यजो! सडकेवरून आता तलाव दिसत नाई, दुकानं झाले तेथं!"

टेंभीला मी उतरलो. खरोखरच सडकेला लागून दुकानांची रांग झाली होती आणि तिच्या आडून पाणी कणभरही दिसत नव्हतं. दोन दुकानांच्या फटीतून गेलो, पाळीवर चढलो. तलाव भरलेला होता. पार येव्यापर्यंत, मी काढलेल्या रेषेलाही ओलांडून. मी तिथे उभा राहिलो तो उभाच राहिलो, आणि नागपूरकडे जाणाऱ्या दोन बसगाड्या मागून निघून गेल्या तरी मला पाळीवरून उतरवेना.